१ स्टार रिव्ह्यूला उत्तर: आडवी रेघ आणि १४ कंडेन्सर

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की तुमच्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही सेटवर नुसती एक आडवी रेघ येत होती, म्हणजे पार्ट एकच गेला असणार, तरी मी ५ आठवडे सेट अडकवून ठेवला, उगाच १४ कंडेन्सर बदलून बिल वाढवलं आणि घरी नेल्यावर पंधरा दिवसांत रेघ परत आली. यातलं शेवटचं पूर्ण माझ्या पदरात घाला, त्यावर खाली बोलतो. कंडेन्सरचं मात्र मान्य नाही.

रेघ आली म्हणजे व्हर्टिकल, म्हणजे चित्र वरून खाली पसरवणारा भाग, बसलं, एवढं तर कुणीही सांगेल. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडचा रेझिस्टन्स जळून ओपन झालेला होता, तेवढाच बदलला असता तर त्याच दिवशी चित्र आलं असतं आणि तुम्ही खूश होऊन गेला असता. पण तो जळला कशानं? त्याच्या आधीचा मेणकागदाचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल पुढं देतो, डीसी व्होल्टेज अडवतो) लीक, म्हणजे अडवायचं ते व्होल्टेज सोडत होता, त्यामुळं ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर, जिथं शून्याच्या आसपास पाहिजे तिथं प्लस ११ व्होल्ट, मग व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढणारच. आणि हाच कंडेन्सर साध्या मीटरवर ठणठणीत दाखवतो बरं का, कारण मीटर त्याला देतो दोन-चार व्होल्ट आणि सेटमध्ये त्याच्यावर शंभराच्या वर पडतात, एक पाय सोडवून तेवढ्या व्होल्टेजवर टेस्ट केला तेव्हा त्यानं तोंड उघडलं. मग त्याच वयाचे अजून ८ कागदी तपासले, सगळे तसलेच. उरलेले ५ इलेक्ट्रोलिटिक, आतून सुकलेले. रेघ यायच्या आधी कित्येक महिने चित्रात काळपट पट्टी सरकायची आणि आवाजात घरघर होती असं तुम्हीच सांगितलेलं, ती यांचीच. काढलेले सगळे पार्ट पिशवीत घालून तुम्हाला दिलेत, बघा एकदा, दोन-तीन कंडेन्सरचं मेण वितळून बाहेर आलंय.

वेळ लागला तो मुख्यतः बदलायला दुसरा व्हॉल्व्ह शोधण्यात, पण मधे एक फोन करायला हवा होता, तो केला नाही, सॉरी.

आता माझी चूक. तुम्ही लिहिलंय की तासभर छान चालतो, मग रेघ, बंद करून गार झाला की पुन्हा ठीक. हे तापल्यावर सुटणाऱ्या जोडाचं लक्षण आहे, बहुतेक व्हॉल्व्हच्या सॉकेटपाशी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, असणार. मी सेट ३ दिवस चालवून बघितला खरा पण मागचं झाकण काढून, त्यामुळं पेटी आतून तापलीच नाही आणि फॉल्ट दिसलाच नाही. इतकी वर्षं हे काम करून असं व्हावं, माझं मलाच हसू आलं.

सेट घेऊन या, या कामाचे पैसे घेणार नाही, आणि या वेळी झाकण लावूनच चालवीन. तोवर रेघ दिसली की लगेच बंद करा, वरून थपडा मारत बसू नका, सगळा इलेक्ट्रॉनचा बीम त्या एका रेघेवर पडतो आणि तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा उजळणारा लेप, जळाला की डाग कायमचा. आणि मागचं झाकण तुम्ही स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये चार्ज राहतो, शॉक बसतो.