‘शाळा बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बडोद्यातल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वर्गात व्हायरल मेनिंजायटिस निघाला म्हणजे चांदीपुराच. शाळा महिनाभर बंद ठेवा, सगळ्या मुलांना अँटिबायोटिक द्या आणि पाठीतलं पाणी काढू देऊ नका, मूल लुळं पडतं.’ यातलं एकही वाक्य खरं नाही आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

चांदीपुरा या विषाणूची धास्ती समजते. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने कोवळी मुलं दगावली. पण तो सँडफ्लाय ही बारीक माशी चावल्याने होतो, बाकावर शेजारी बसल्याने नाही, आणि थेट मेंदूला सूज आणतो. व्हायरल मेनिंजायटिसमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज येते. तो बहुतेकदा एंटेरोव्हायरसमुळे होतो आणि बहुतेक मुलं ७ ते १० दिवसांत बरी होतात. तान्ह्या बाळांना मात्र जास्त जपावं लागतं.

शाळा बंद ठेवून काय साधणार? एंटेरोव्हायरसची लागण झालेल्या बहुतेकांना साधा ताप येतो किंवा काहीच होत नाही, आणि बरं झाल्यावरही तो शौचातून काही आठवडे पडत राहतो. ताप उतरून मूल खाऊ-खेळू लागलं की त्याला शाळेत येऊ द्यावं. भावंडांना घरी बसवायचं कारणच नाही. शाळेकडे मागायचा तो साबण. संडासाबाहेरच्या नळावर तो असलाच पाहिजे, आणि डबा उघडण्याआधी हात धुवायला वेळही. सॅनिटायझर या विषाणूंवर साबण-पाण्याइतका चालत नाही.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. सोबतच्यांना प्रतिबंधक औषध देतात ते मेनिंगोकोकससारख्या जिवाणूसाठी, तेही डॉक्टर सांगतील त्यांनाच.

आता पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, जे तपासायला सुईने थोडं काढतात. वॉर्डात फॉर्मवर सही करायची वेळ आली की आजी बापाचा हात धरते, ‘पाठीला सुई नको रे.’ आजी, ती सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली जाते; म्हणून पाय लुळे पडत नाहीत. थोडे दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते, बहुतेकदा एवढंच. विषाणू की जिवाणू हे नुसतं मुलाकडे बघून ठरत नाही. जिवाणू असेल तर ते पाणी बहुधा गढूळ येतं, त्यातली साखर उतरलेली असते. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर आजारी मुलाला अँटिबायोटिक देतात ते योग्यच आहे. जिवाणू नाही असं ठरलं की बंद करतात. पण घरीच उरलेल्या गोळ्या दिल्या, तर पाण्याच्या तपासणीत जिवाणू सापडणं अवघड होतं.

तापाबरोबर मान आखडली, उजेड सोसवेना, उलट्या थांबेनात, मूल गुंगीत गेलं, झटका आला किंवा दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग उठले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.