आयर्लंडच्या भावी भाषामंत्र्यांस

डब्लिनमध्ये आयरिश भाषेचे खाते आपल्याकडे आले आहे असे समजावे आणि प्रथम मनातली भीती काढून टाकावी. कारण या खात्यात भाषा वाचवावी लागत नाही, ती वाचवली जात आहे असे दिसले की पुरते. पाया तर पूर्वसूरींनीच घालून ठेवला आहे. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या अधिकृत भाषेचा पाट दिला, इंग्रजीला दुसरा, आणि घटनेच्या दोन पाठांत विसंगती आढळल्यास आयरिश पाठच ग्राह्य धरला जातो. मंत्र्यांनी आपापसांत कोणत्या भाषेत बोलावे, याविषयी घटनेने सुज्ञपणे मौन पाळले आहे.

आकडे वापरताना मात्र सावध राहावे. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. भाषणात हाच आकडा घ्यावा. शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७१,९६८ निघाले. हा आकडा परिशिष्टात अधिक शोभतो. कित्येक वर्षे सक्तीने शिकवलेला विषय शाळेच्या फाटकाबाहेर का पडत नाही, असे कोणी विचारलेच, तर नवा अभ्यासक्रम विचाराधीन आहे असे सांगावे.

योजना आखण्याची कला २०१० च्या मंत्रिमंडळाकडून शिकावी. गेल्टाख्तमध्ये, म्हणजे आयरिश अजून घरची भाषा आहे अशा पश्चिमेकडच्या पट्ट्यांत, ती समाजाची भाषा म्हणून आणखी १५ ते २० वर्षेच टिकेल, असा इशारा २००७ मध्ये अभ्यासकांनी सरकारला दिला होता. त्यावर सरकारने तीन वर्षे विचार केला आणि २० वर्षांची योजना जाहीर केली. रोज आयरिश बोलणाऱ्यांची संख्या ८३,००० वरून २०३० पर्यंत २,५०,००० वर न्यायची, असे ठरले. ती २०११ मध्ये ७७,१८५ होती, २०१६ मध्ये ७३,८०३. पुढचा, म्हणजे २०२२ चा, आकडा आधी सांगितलाच आहे. विचलित होऊ नये. हिशेब मागितला जाईल तेव्हा हे खाते दुसऱ्या कोणाकडे असेल.

गेल्टाख्तमधले एखादे तरुण जोडपे घर मिळत नाही अशी तक्रार घेऊन येईल. गावातली घरे सुट्टीपुरती येणाऱ्यांनी घेतलेली असतात, नवे बांधायला परवानगी मिळत नाही, तेव्हा ते जोडपे शहराकडे जाणार आणि त्यांची मुले इंग्रजीत खेळणार, हे उघड आहे. परंतु घरबांधणी हे दुसऱ्या खात्याचे काम आहे. आपण पाट्यांकडे लक्ष द्यावे. पाटीला नळजोडणी लागत नाही. केरी परगण्यातल्या डिंगल गावाच्या पाटीवरून इंग्रजी नाव काढण्याचा हुकूम २००५ मध्ये अमलात आला, पुढल्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून ते परत मागितले, आणि हा वाद मिटायला २०११ उजाडले. एवढी वर्षे भाषेविषयी इतक्या तळमळीने बोलले गेले, तेही बहुतांशी इंग्रजीत.

भाषा आयुक्तांचे अहवाल अगत्याने स्वीकारावेत आणि कपाटात ठेवावेत. भाषा कायद्याच्या अंमलबजावणीबाबतच्या सरकारी अनास्थेला कंटाळून पहिले आयुक्त २०१४ मध्ये पायउतार झाले; त्याच वर्षी गेल्टाख्तसाठी नेमलेल्या राज्यमंत्र्यांना अस्खलित आयरिश येत नव्हते. ते शिकवणीला गेले आणि खरोखर शिकले, हे नमूद केलेच पाहिजे, मात्र तो पायंडा पडू देऊ नये. २०२१ च्या कायद्यानुसार सरकारी नोकरीतल्या नव्या भरतीपैकी २० टक्के लोक आयरिश जाणणारे हवेत, त्याची मुदतही २०३० अखेरचीच आहे.

घर न मिळालेल्या त्या तरुणाचीही चिंता नको. आयरिश २००७ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, अनुवादकांच्या टंचाईमुळे सगळी कागदपत्रे आयरिशमध्ये न काढण्याची दिलेली सवलत २०२२ च्या आरंभी संपली, आणि ब्रसेल्सला तिच्या जाणकारांची गरज आहे. तेथे तो दिवसभर उत्तम आयरिश लिहील. आणि आयर्लंडची जनगणना ठरवलेल्या एका रात्री देशात हजर असलेल्यांचीच होत असल्यामुळे, त्या ७१,९६८ मध्ये तो धरला जाणार नाही.