रेशनचा तांदूळ विकणारी बाई

"फुकटचं खाऊन माणसं बिघडली" हे आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी लिहितंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात ऊस करणाऱ्या माझ्या मावसभावाची, दादाची, तक्रार तर अगदी नेमकी असते : "रेशन फुकट, वर लाडक्या बहिणीचं दीड हजार. भांगलायला बाई मिळंना. आणि तोच रेशनचा तांदूळ बाहेर इकत्यात." २०२२ मध्ये पंतप्रधान फुकटच्या योजनांना 'रेवडी' म्हणाले तेव्हापासून या तक्रारीला वजन आलं. (त्यानंतर रेवड्या वाटायला कुठलाच पक्ष मागे राहिला नाही, तो भाग वेगळा.) मग शेवटी माझ्याकडे बोट : "तुमच्या अमेरिकेत असलं काही चालत नसंल."

चालतं, दादा. मी राहते ते वेस्ट व्हर्जिनियातलं डोंगराळ गाव. कोळशाच्या खाणींवर उभं राहिलं आणि खाणींबरोबरच बसलं. इथल्या एका चर्चच्या तळघरात फूड पँट्री चालते, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणारं कोठार. फूड बँकेचं मोठं गोदाम असतं, तिथून ट्रक येतो, आम्ही माल लावतो आणि शनिवारी दार उघडतो. पगारी माणूस एकही नाही. काम करणाऱ्या बहुतेक सत्तरीच्या आज्या आहेत आणि त्यातल्या काही जाताना स्वतःची पिशवीही भरून नेतात.

दार उघडायच्या आधीपासून मोटारींची रांग लागलेली असते. हा फोटो ग्रुपवर टाकला तर "गाडीतनं येऊन फुकट धान्य नेत्यात?" असं विचारतील, म्हणून टाकत नाही. इथं एसटी नाही, वडाप नाही. भाजी मिळणारं दुकान तासाभराच्या रस्त्यावर. गाडी गेली की नोकरी गेली, त्यामुळे माणसं आधी गाडीत पेट्रोल भरतात आणि मग पोटाचं बघतात.

सरकारी मदतही आहे. पूर्वी जिला फूड स्टँप म्हणत ती 'स्नॅप' योजना. दर महिन्याला कार्डावर पैसे जमा होतात, त्यातून फक्त खाण्याचं सामान घेता येतं. साबण नाही, बाळाचे डायपर नाहीत, गरम शिजवलेलं जेवण नाही. म्हणून आमच्याकडे साबण सगळ्यात आधी संपतो. दादाचं आळशीपणाचं गाऱ्हाणंसुद्धा इथं जुनंच आहे. धडधाकट माणसानं महिन्याला ८० तास काम दाखवावं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत, अशी अट आहे. २०२५ च्या कायद्यानं ती ६४ वर्षं वयापर्यंत ताणली. याच राज्यात २०१६ साली नऊ जिल्ह्यांत ही अट लावून पाहिली होती. हजारो माणसं यादीतून गेली. रोजगारावर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही, हे राज्याच्याच खात्यानं मान्य केलं. खाण बंद, दुकानं बंद, ८० तास आणायचे कुठून?

आमच्या घरात दुसरा एक पंथ आहे, "सरकारनं कशाला? दानशूर माणसं आहेत की!" म्हणणारा. कोल्हापूरकराला हे म्हणायचा हक्कही आहे. २०१९ च्या पुरात शिरोळची गावं पाण्यात होती तेव्हा घराघरातून भाकऱ्या थापून पाठवल्या गेल्या. दादानंही खाल्ल्या, आणि तेव्हा त्यांना कुणी रेवडी म्हणालं नाही. पण पूर ओसरतो, भूक महिन्याच्या महिन्याला येते. २०२५ च्या नोव्हेंबरात इथलं सरकारी कामकाज ठप्प होऊन स्नॅपचे पैसे अडकले. देशभरात तेव्हा सव्वाचार कोटींच्या आसपास माणसं त्यावर जगत होती. आमची फळ्यांची मांडणी दुपारच्या आत रिकामी झाली. फूड बँकांचाच हिशेब असा, की त्यांच्या एका जेवणामागे स्नॅप नऊ जेवणं पुरवते. आमच्या त्या आज्यांनी कितीही कंबर कसली तरी एकाचे नऊ होत नाहीत. दर माणशी पाच किलो धान्याचा आपला अन्नसुरक्षा कायदा, २०१३ चा, मला म्हणूनच मोलाचा वाटतो. बर्फ पडला, ट्रक आला नाही, दात्याचं मन फिरलं, तरी तो हक्क राहतो. शाहू महाराजांनीही १८९६-९७ च्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली होती.

मात्र एका गोष्टीत ही तळघरातली पँट्री आपल्या रेशन दुकानाच्या पुढे आहे. इथं पूर्वी भरलेली खोकी हातात द्यायचे. मग चर्चच्या आवारातच लोक आपसात डबे बदलायचे, नको ते भिंतीकडेला ठेवून जायचे. मधुमेही म्हातारीला पाकातली फळं, दात नसलेल्याला अक्रोड. आता लोक ढकलगाडी घेऊन फिरतात आणि स्वतः उचलतात. फेकणं जवळजवळ थांबलं. उत्पन्नाचा दाखलाही मागत नाही. नाव-गाव लिहायचं, उत्पन्न मर्यादेत आहे म्हणून सही करायची, झालं. खोटी सही करणारे असतील. ते शोधायला माणूस बसवण्यापेक्षा बटाटे मोजायला बसवलेला बरा, असं आमच्या एका आजीचं मत आहे आणि मला ते पटतं. आपल्याकडे मात्र आयुष्यभर शेण-माती उपसून अंगठ्याच्या रेषा पुसल्या गेलेल्या बाईचा अंगठा यंत्र घेत नाही, आणि ती उद्या परत ये म्हणून माघारी जाते.

कोल्हापूरला हे नवं आहे असंही नाही. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, गरीब-श्रीमंत बघत नाही, आणि लोक आपण होऊन शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. मेलेल्याला जे विचारत नाही ते जगणाऱ्याला का विचारायचं?

तर तो विकलेला तांदूळ. शिरोळकडची मजूरबाई भाकरी खाते. तिला तांदूळ आणि गहू मिळतो. मग ती तांदूळ विकून शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेते, डाळ घेते, तेल घेते. आमच्या आवारात डबे बदलणाऱ्यांत आणि तिच्यात मला काही फरक दिसत नाही. चोरी म्हणायची तर दुकानात पोचायच्या आधीच पोती गायब होतात ती म्हणावी. २०१३ च्या कायद्यात भरडधान्याचीही सोय होती, किलोला एक रुपया दरानं. पण दुकानात ज्वारी दिसते ती अधूनमधून. जिल्ह्याच्या पूर्वेला ज्वारी, पश्चिमेला गगनबावडा-शाहूवाडीकडे नाचणी, जोडीला डाळ, आणि ज्याला जे हवं ते घ्यायची मुभा, एवढं केलं तर बाहेर विकायला फार काही उरणार नाही.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. म्हटलं, रेशनला शाळू आला तर बायका तो विकतील का?

"शाळू कोण इकंल?" दादा म्हणाला. "आमच्या सगळ्या रानात ऊस. शाळू मीच इकत आणतोय. तुझ्या त्या बाईला म्हणावं, उरला तर मला सांग."