59 हजारांची रेघ

नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातला कट्टा. अंबड एमआयडीसीची जनरल शिफ्ट सुटलेली, चहाचा दुसरा राउंड चालू.

तात्यांनी काडी टाकली, "रेशन फुकट आहे, मग कामगार पगारवाढ कशाला मागतात?"

"घरभाडं गव्हात देता येत नाही, तात्या," भाऊ म्हणाले. पगारपत्रकं बनवणं हाच त्यांचा धंदा. "माणशी पाच किलो, चौघांच्या घराला वीस. पण त्या रेशनकार्डाची शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59 हजार, म्हणजे महिना पाच हजारसुद्धा नाही. केंद्रानं 2019 ला देशपातळीवरची किमान मजुरी ठरवली 178 रुपये रोज. महिन्याला 26 हजेऱ्या धरा, वर्षाचे 55,536 होतात. नवरा कसाबसा रेघेच्या आत. बायकोनं दोन घरची धुणीभांडी धरली की घर बाहेर! राज्याची किमान मजुरी तर याच्या कितीतरी वर."

"म्हणून लेबरच म्हणतं, पगार हातात द्या, खात्यात नको," ठेकेदार अण्णा म्हणाला.

"आणि तू खुशीत देतोस! तुझा पीएफचा हिस्सा वाचतो. त्याचं ईएसआय, म्हणजे कामगार विमा, बुडतं, मग घरात एक ऑपरेशन निघालं की सावकार."

अण्णा गप्प. (असा योग कट्ट्यावर क्वचित.)

"लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाख, ईएसआयला 2017 पासून महिना 21 हजार. एकच घर एका खिडकीवर गरीब, दुसरीवर नाही."

"आणि बिहारवाले? आपलं धान्य नेतात की!" तात्या हटेनात.

"आपलं नाही, त्याच्याच कार्डावरचं. केंद्राच्या कायद्यातलं कार्ड असलं की देशात कुठंही चालतं. तो इथं पाच किलो उचलतो, बाकीचं गावाकडं घरचे घेतात. घरच्यांनी आधीच सगळं उचललं असेल तर रेशन दुकानातलं मशीन शून्य दाखवतं, आणि आपण म्हणतो दुकानदार चोर. त्याच्या राज्याचं वेगळं कार्ड असेल तर इथं उपयोग नाही. लाडकी बहीणचे पैसेही सहसा नाहीत, रहिवासाचा पंधरा वर्षं जुना कागद लागतो. नवरा महाराष्ट्रातला असेल तर त्याचे कागद चालतात."

"सिमेंटनं अंगठे झिजलेत त्यांचे, मशीन घेतच नाही," अण्णा हळूच बोलला.

"मग ओटीपी."

"तो जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. ते सिम गावाकडं बायकोच्या फोनमध्ये."

"तर तिला फोन लावायचा, दुकान बंद व्हायच्या आत."