'भिऊ नको' 365 वेळा? खुलासा
बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोब्बर 365 वेळा आहे, रोज एकदा, आणि तरी भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा, असा मेसेज फिरतोय, मीपण पुढे पाठवला होता, माफ करा. काल बायबल ॲपवर सर्च करून एकेक वचन मोजलं, भाषांतरानुसार आकडा बदलतो पण 365 च्या जवळपासही जात नाही. आणि दुसरं वाक्य तर जास्त त्रास देणारं आहे हो, आधीच घाबरलेल्या माणसाला अजून दोषी वाटतं. अटकेच्या रात्री गेथसेमनी नावाच्या बागेत येशू स्वतः व्याकुळ झाला, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता (लूक 22:44), तरी तो प्रार्थना करत राहिला. कॅथलिक शिकवणीत आशा म्हणजे स्वतःच्या ताकदीवर नाही तर ख्रिस्ताच्या वचनावर भरवसा. आकडेवाला मेसेज प्लीज थांबवा, पाठवायचंच तर बायबलमधलं यशया 41:10 हे वचन ('भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे') पाठवा.