लागोपाठ नंबर म्हणजे मॅच्ड पेअर? नाही हो

जुन्या स्पीकरच्या नादी लागलेल्या प्रत्येकाकडे तो मेसेज कधी ना कधी येतोच. "व्हिंटेज जोडी घेताना एवढंच बघा. सिरियल नंबर लागोपाठ हवेत, मल्टिमीटरवर ओहम सारखे यायला हवेत, दोन्ही सारखेच जोरात वाजायला हवेत आणि आत कोणी हात घातलेला नको. चारही बसलं की पेअर मॅच्ड, म्हणजे दोन्ही आवाजाने तंतोतंत जुळणारे, डोळे झाकून घ्या." मी पण एक अशीच डोळे झाकून घेतली होती, ओळीतले दोन नंबर बघून खूश होऊन, आणि लावल्यावर गाणारीचा आवाज मधोमध यायचा सोडून डावीकडे चांगला वीतभर सरकलेला. तेव्हापासून हा मेसेज दिसला की हात शिवशिवतात, आज लिहूनच टाकतो.

पहिलं, सिरियल नंबर. लागोपाठ नंबर म्हणजे दोन डबे फॅक्टरीतून एकामागोमाग बाहेर पडले, बास. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कोणावर काय गुदरलं ते स्टिकरला कसं कळणार? एक उन्हात राहिला, एकाचा वूफर (जाड आवाजाचा) जळला म्हणून रिकोन झाला, म्हणजे नवा कोन-कॉइल बसवला, दुसरा जसाच्या तसा. स्टिकर डब्यावर असतो, आतल्या ड्रायव्हरवर (प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या कोन-कॉइलच्या भागावर) नसतो हे लोक विसरतातच. आणि उलटंही आहे, लांब लांब नंबरचे दोन स्पीकर छान जुळू शकतात, फक्त दोन्ही एकाच व्हर्जनचे आहेत का ते बघायचं. बीबीसीच्या डिझाइनचा एलएस ३/५ए स्पीकर घ्या, आधी १५ ओहमचा होता, १९८० च्या दशकाच्या शेवटी ११ ओहमचा आला, क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज त्या त्या ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट) वेगळा, नाव मात्र तेच. १९७८ मध्ये झैरमध्ये (आताचं काँगो) लढाई पेटली, कोबाल्टचा तुटवडा झाला, अल्निको मॅग्नेटला कोबाल्ट लागतं म्हणून जेबीएल कंपनीसकट बऱ्याच जणांनी फेराइट मॅग्नेट धरलं. जेबीएलने निदान ४३४३ चं ४३४३बी तरी केलं, दरवेळी नाव बदलतंच असं नाही.

एलएस ३/५ए वरून आठवलं. त्याच्या १५ ओहमवाल्या क्रॉसओव्हरमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मरला टॅप (कमी-जास्त पातळीची जोडणीची टोकं) असतात, त्यातून योग्य तो टॅप निवडून ट्विटरची (बारीक आवाजाच्या ड्रायव्हरची) पातळी वूफरशी जुळवलेली असते. म्हणजे मॅचिंग ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर मिळून झालेलं असतं. "बघू तरी" म्हणून कोणी एकाचा वूफर दुसऱ्यात टाकून पाहिला असेल तर नंबर लागोपाठच राहणार, मॅचिंग गेलं.

दुसरं, ओहम, आणि इथे मला खरंच राग येतो. मागच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावला की मीटर डीसी सोडतो. ट्विटरच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि कपॅसिटरमधून डीसी जात नाही. म्हणजे नेहमीच्या टू-वे स्पीकरमध्ये मीटरला ट्विटर दिसतच नाही! ट्विटर मेलेला असला तरी मीटर आपला ६.२ दाखवणार, दुसरीकडे पण ६.२, आणि तुम्ही टाळ्या वाजवणार. (८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, त्याने घाबरू नका, ८ हा इम्पीडन्सचा, म्हणजे एसी सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याचा, ढोबळ आकडा आहे.) शिवाय हा आकडा फक्त कॉइलची तार शाबूत आहे एवढंच सांगतो. अल्निको मॅग्नेट थोडं उतरलं असेल, ट्विटरमधलं फेरोफ्लुइड (कॉइलभोवतीचा चुंबकीय द्रव) सुकून चिकट झालं असेल, सराउंडचा (कोनाच्या कडेच्या लवचिक रिंगचा) फोम चुकीच्या जाडीचा बसवला असेल, ओहम तेच येणार.

बघायचाच तर इम्पीडन्स बघा, प्रत्येक फ्रीक्वेन्सीला. स्पीकरच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, फोनमधून साइन वेव्ह अँपला, आणि मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना. २० हर्ट्झपासून हळूहळू वर जा, बंद डब्याचा स्पीकर असेल तर खाली एका ठिकाणी आकडा चढतो आणि परत उतरतो, तो उंचवटा. पोर्टवाला (डब्याला मुद्दाम भोक ठेवलेला) असेल तर दोन उंचवटे. माझ्या त्या जोडीत एकाचा उंचवटा ४४ हर्ट्झला होता, दुसऱ्याचा ५३ ला. जाळी काढून तीन बोटं पसरून कोन हलकेच दाबला तर एक मऊ जात होता आणि दुसरा नव्या चपलेसारखा कडक. कोणीतरी एकाच बाजूला जाड फोम चिकटवला होता. मीटरवर? दोन्ही ५.९.

तिसरं, दोन्ही सारखेच जोरात वाजतात. स्टिरिओ गाणं लावून, एकदा याच्यासमोर एकदा त्याच्यासमोर डोकं नेऊन? त्यात काही कळत नाही, कारण दोन्हीकडे मुळात वेगवेगळं वाजतंय. मोनो लावा, म्हणजे दोन्हीकडे तोच आवाज. बोलणारा माणूस उत्तम. आवाज मधल्या रिकाम्या जागेतून, एका बिंदूतून आल्यासारखा वाटला पाहिजे. पसरट वाटला किंवा "स" म्हणताना एकीकडे पळाला तर ट्विटर जुळत नाहीत. मग लगेच निकाल देऊ नका, स्पीकरच्या जागांची अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकरचा, जागेवरच राहिला तर खोलीचा. पाठीमागे ट्विटरच्या लेव्हलची गोल बटणं असतील तर ती पण बघून घ्या, एकीकडे फुल आणि एकीकडे अर्ध्यावर ठेवून सारखेपणा आणलेला मी पाहिलाय.

याहून भारी एक युक्ती आहे आणि तिला माइक पण लागत नाही. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून दोन-चार बोटांच्या अंतरावर ठेवा, मोनो पिंक नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सी मिसळलेला खळखळाट) बेताच्या आवाजात लावा आणि एकाच स्पीकरची प्लस-मायनस उलटी करा. दोन्ही जुळे असतील तर बेस आणि खालचा मिड गिळल्यासारखा गायब होतो, उरतो फक्त पातळ सुर्र आवाज. जेवढं जास्त नाहीसं होईल तेवढी जोडी जवळची. वरच्या फ्रीक्वेन्सीला हे नीट चालत नाही, वेव्हलेंग्थ छोटी पडते, तिथे मोनो बोलणंच बरं. आणि उलटं केल्यावर बेस वाढला तर एकाचं वायरिंग आधीच उलटं आहे. जुन्या जेबीएल ड्रायव्हरमध्ये लालला प्लस दिलं की कोन आत जायचा, त्यामुळे एकाच बाजूला दुसरा वूफर बसवला असेल तर हा घोळ हमखास.

चौथं, "आत हात घातलेला नको". एकाच बाजूला घातलेला नको, हे मान्य, माझीच जोडी साक्षीला आहे. पण दोन्हीकडे कोणीच हात घातला नाही म्हणजे दोन्ही सारखे राहिले, हे कुठलं गणित? जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आपापल्या वेगाने म्हातारे होतात, एकाची व्हॅल्यू चढते, दुसऱ्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, मग एकीकडचा ट्विटर मंद. फोमचं सराउंड तर पंधरा-वीस वर्षांत भुगा व्हायला लागतं, ते "ओरिजिनल" असून काय लोणचं घालायचंय? दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच फोमने, एकाच व्हॅल्यूचे कपॅसिटर मोजून बसवून केलेली जोडी मी न उघडलेल्या जोडीच्या आधी घेईन.

नंबर अगदीच बिनकामाचा नाही. लागोपाठ असले तर डब्यांच्या व्हिनिअरची नक्षी बऱ्याचदा जुळते, ती दिसायला झकास, आणि विकताना भाव बरा येतो. माझ्या जोडीला मी दोन्हीकडे एकसारखा पातळ फोम घातला, उंचवटे आता ४३ आणि ४४ ला आहेत, गाणारी मधोमध उभी राहते. एकाचा स्टिकर त्या खटाटोपात निघून गेला.