ऑफलाइन नकाशा हेरगिरी करत नाही

‘इंटरनेट नसताना चालणारी फुकट नकाशा ॲप लगेच काढून टाका! ती परदेशी उपग्रहाला तुमचा ठावठिकाणा कळवतात, त्यातले रस्ते कुणीही बदलतो, भारतात त्यांच्यावर बंदी आहे आणि ती तुमची माहिती विकतात.’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरून काकांपर्यंत पोचला. गणपतीसाठी गाडीने रत्नागिरीला निघायचं आणि आदल्या रात्री त्यांनी ऑरगॅनिक मॅप्स हे असलंच फुकट ॲप उडवलं, उतरवून ठेवलेल्या महाराष्ट्राच्या नकाशासकट! मुंबई-गोवा हायवेवर घाटात रेंज जाते, हे चाकरमान्याला वेगळं सांगावं लागत नाही. अशा मेसेजमुळे माणसं रात्री घाटात नकाशाविना अडकतील, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी थाप उपग्रहाची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली जागा आणि अचूक वेळ सतत प्रसारित करतात. फोन ते नुसतं ऐकतो. रेडिओ लावला म्हणून आकाशवाणीला तुमचं घर कळतं का? निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, त्यावरून फोन स्वतःची जागा काढतो. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, उशीर म्हणजे जवळपास ३०० मीटर अंतर. उपग्रहाकडे उलट काहीच जात नाही. काही महागड्या फोनांत उपग्रहातून संदेश पाठवायची सोय असते, ती वेगळी. तिचा जीपीएसशी संबंध नाही. इंटरनेट बंद असेल तर सुरुवातीला जागा सापडायला वेळ लागतो, इतकंच. शंका असेल तर मुंबईच्या कोस्टल रोडच्या बोगद्यात बघा: आकाश झाकलं की नकाशावरचा ठिपका अडखळतो किंवा अंदाजाने सरकतो.

‘कुणीही बदलतो’ हे अर्धं खरं आहे. ऑरगॅनिक मॅप्सचे रस्ते येतात ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशातून. २००४ पासून चालू असलेल्या या नकाशावर खातं उघडून कुणीही रस्ता काढू शकतो, आणि चुका होतातही. पण प्रत्येक बदलावर खात्याचं नाव आणि वेळ राहते, आणि तो मागे घेता येतो. शिवाय तुम्ही उतरवलेला नकाशा त्या दिवसाचा असतो. गाडी चालत असताना त्यात कुणी हात घालू शकत नाही. म्हणूनच निघण्याआधी तो ताजा करायचा असतो.

बंदीची गोष्ट तर सरळ खोटी. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून भारतीयांना नकाशे बनवायला आणि प्रसिद्ध करायला लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. उरलेले निर्बंध नकाशा बनवणाऱ्या-छापणाऱ्यांसाठी आहेत. रस्ता शोधणाऱ्यावर बंदी कुठल्या ओळीत आहे, ते मेसेज लिहिणाऱ्याने दाखवावं. हां, ओपनस्ट्रीटमॅपवर काश्मीरची सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार असते, सरकारी नकाशाशी ती जुळत नाही. मुलांच्या प्रोजेक्टला सर्व्हे ऑफ इंडियाचाच नकाशा लावा.

फुकट ॲप माहिती विकतात, हे बऱ्याच ॲपबद्दल खरं आहे. ऑरगॅनिक मॅप्सचा कोड उघडा आहे, कुणीही तपासू शकतो. त्यात जाहिराती नाहीत आणि खर्च देणग्यांवर चालतो.

उणीव एकच मोठी, आणि मेसेजवाल्याला नेमकी तीच दिसली नाही: वडखळला रांग लागलीय का, हे ऑफलाइन नकाशा सांगत नाही. तेवढं पनवेल सोडायच्या आधी, रेंज आहे तोवर, दुसऱ्या ॲपवर बघून घ्या.